कुठल्या परिच्छेदात लिहिलंय?

(युवकांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला विषय दिला तो असा: परराष्ट्र धोरण आणि आंतरराष्ट्रीय संबंधांवर तज्ज्ञांच्या ज्या चर्चा होतात, त्या आपण कशा ऐकायच्या? मी त्यांना फोनवरच म्हणालो, भाईजान, मी तज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतली, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. ते म्हणाले, म्हणूनच तुम्हाला बोलावतोय. मग मी ठरवलं की दुसऱ्यांच्या नको, आज स्वतःच्याच चुकीपासून सुरुवात करू.

२६ जानेवारी २०२४. शुक्रवार होता, आणि प्रजासत्ताक दिनाची सुट्टी. मी गावी आलो होतो. संध्याकाळी साडेपाच वाजता नेदरलँड्समधल्या हेग शहरातून आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं थेट प्रक्षेपण सुरू झालं. दक्षिण आफ्रिकेने इस्रायलविरुद्ध नरसंहारविरोधी कराराखाली दावा दाखल केला होता, त्यात न्यायालय अंतरिम आदेश वाचून दाखवणार होतं. अब्बा शेजारी बसले होते. ते एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत, इंग्रजी फारसं कळत नाही, पण गाझाची बातमी असली की टीव्हीसमोरून उठत नाहीत. दर दोन मिनिटांनी विचारत होते, "काय म्हणाल्या बाई?" बाई म्हणजे न्यायालयाच्या तेव्हाच्या अध्यक्ष, अमेरिकेच्या जोन डोनोह्यू.

त्या वाचत होत्या आणि माझ्या फोनवर मेसेज धडकत होते. त्यातला एक मी वाचन संपायच्या आत, मगरिबच्या आधीच, पाच ग्रुपवर पाठवून दिला. त्यात लिहिलं होतं: 'जागतिक न्यायालयाने इस्रायलला नरसंहाराचा दोषी ठरवले.' अब्बांनाही तेच सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "चला, कुणीतरी तर म्हणालं."

सोमवारी ऑफिसात गेलो. माझा एक सहकारी आहे, सोलापूरकडचा, शांत माणूस. त्याच्याही ग्रुपवर मी तो मेसेज टाकला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने विचारलं, "दोषी ठरवलं म्हणतोस, ते कुठल्या परिच्छेदात लिहिलंय? मी आदेश वाचला, मला सापडलं नाही." तो टोमणा मारत नव्हता. आम्ही दोघं कामात हेच करतो. कुणी येऊन म्हणालं की 'सिस्टीम चालत नाही', तर आमचा पहिला प्रश्न असतो, कुठल्या ओळीवर एरर आली? त्याच सवयीने त्याने विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने आदेश वाचला होता. ज्याचं काळीज गाझासाठी तुटत होतं त्या मी वाचला नव्हता.

त्या रात्री मी तो आदेश उतरवून घेतला. एकूण ८६ परिच्छेद आहेत. दोन रात्री लागल्या, कारण कायद्याचं इंग्रजी म्हणजे नवी भाषाच. आणि 'दोषी ठरवले' असं त्यात कुठेही नाही. उलट तिसाव्या परिच्छेदात न्यायालय सरळ सांगतं की कराराचा भंग झाला की नाही हे ठरवण्याची ही वेळ नाही.

मग न्यायालयाने केलं काय? आपल्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे लगेच समजेल. बांधाचा वाद तालुक्याच्या कोर्टात जातो. खटला दहा-पंधरा वर्षं चालणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून आधी आपण मनाई हुकूम मागतो, म्हणजे 'स्टे'. स्टे देताना न्यायाधीश शेजाऱ्याने बांध कोरला असा निकाल देत नाहीत. ते एवढंच बघतात, की सातबाऱ्यावर या माणसाचं काही नाव आहे का, म्हणजे ज्या हक्काबद्दल तो बोलतोय तो हक्क असण्याजोगा आहे का. आणि दुसरं, आत्ता थांबवलं नाही तर असं काही नुकसान होईल का, जे नंतर भरून येणार नाही. हे दोन्ही असेल तर स्टे. स्टे मिळाला म्हणजे खटला जिंकला, असं सांगत गावभर पेढे वाटणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्या शुक्रवारी तो माणूस मी होतो.

आदेशाच्या चोपन्नाव्या परिच्छेदात एक शब्द आहे: 'प्लॉझिबल'. दक्षिण आफ्रिका ज्या हक्कांसाठी संरक्षण मागतेय त्यातले निदान काही हक्क प्लॉझिबल आहेत, असं न्यायालय म्हणतं. या एका शब्दावर जगभरच्या तज्ज्ञांनी पुढचे कित्येक महिने चर्चा केल्या. बहुतेक वाहिन्यांवर आणि लेखांत त्याचा अर्थ लावला गेला, की 'नरसंहार होत असणं शक्य आहे असं न्यायालय म्हणालं'. मग एप्रिल २०२४ मध्ये डोनोह्यू यांनी, तोवर त्यांची मुदत संपली होती, बीबीसीच्या मुलाखतीत खुलासा केला. नरसंहाराचा आरोप प्लॉझिबल आहे असं न्यायालयाने ठरवलं नव्हतं. नरसंहारापासून संरक्षण मिळण्याचा पॅलेस्टिनींचा हक्क प्लॉझिबल आहे आणि त्या हक्काला भरून न येणारी हानी पोहोचण्याचा खरा धोका आहे, एवढं ठरवलं होतं. म्हणजे सातबाऱ्यावर नाव आहे आणि पीक जाण्याचा धोका आहे. बांध कोणी कोरला ते पुढे.

हा खुलासा आल्यावर दुसऱ्या बाजूचे लोक पेढे वाटू लागले. 'बघा, न्यायालय काहीच म्हणालं नव्हतं.' तेही चूक. धोका नसता तर आदेशच निघाला नसता. आणि वस्तुस्थिती न बघता हक्काला धोका आहे हे ठरवता येतं का, यावर कायद्याचे अभ्यासक आजही भांडतात. मला स्वतःला वाटतं की डोनोह्यू यांनी केलेला फरक कागदावर जितका स्वच्छ दिसतो तितका तो नाही, कारण न्यायालयाने त्या टप्प्यावरसुद्धा मैदानातली परिस्थिती पानंच्या पानं भरून तपासली होती. पण हे माझं मत. मत कुठलं आणि मजकूर कुठला, हे ऐकणाऱ्याला वेगळं दाखवता आलं पाहिजे.

आता मला सगळ्यात जास्त खटकलं ते सांगतो. मी जे पाठवलं ते खोटं होतं, आणि आदेशात जे खरोखर लिहिलं होतं ते त्या खोट्यापेक्षा कितीतरी वजनदार होतं.

सेहेचाळिसावा परिच्छेद वाचा. आकड्यांत चूक असू शकते असं बजावून न्यायालय नोंदवतं, की तोपर्यंत २५,७०० पॅलेस्टिनी मारले गेले, ६३ हजारांहून जास्त जखमी झाले, ३ लाख ६० हजारांहून जास्त घरं उद्ध्वस्त किंवा बाधित झाली आणि सुमारे १७ लाख माणसं आपल्याच भूमीत विस्थापित झाली. ही नोंद कुठल्या मोर्चातल्या फलकावरची नाही, संयुक्त राष्ट्रांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातली आहे. पुढे न्यायालय इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांची आणि राष्ट्राध्यक्षांची वक्तव्यं नावानिशी उद्धृत करतं. मग आदेश देतं: करारात मनाई असलेली कृत्यं होऊ नयेत यासाठी शक्य ते सगळं करा, नरसंहाराला दिलेली उघड चिथावणी रोखा आणि शिक्षा करा, मदत पोहोचू द्या, पुरावे जपा, महिन्याभरात अहवाल द्या. दक्षिण आफ्रिकेने मागितलेला लष्करी कारवाई थांबवण्याचा आदेश मात्र त्यात नव्हता, हेही आपण प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्याच आदेशात ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात १,२०० हून जास्त लोक मारले गेल्याचं आणि सुमारे २४० जणांना पळवून नेल्याचं नमूद आहे, आणि ओलिसांची ताबडतोब, बिनशर्त सुटका व्हावी असंही न्यायालय म्हणतं. आपल्या ग्रुपवर फिरलेल्या एकाही मेसेजमध्ये मी हे वाचलं नाही. आपण निवडून वाचतो आणि समोरच्यावर निवडून वाचल्याचा आरोप करतो.

आणि मतदान बघा. सतरा न्यायाधीश होते, पंधरा कायमचे आणि दोन्ही पक्षांनी नेमलेला एकेक. इस्रायलने नेमलेले न्यायाधीश होते अहारोन बराक, लहानपणी नाझींच्या काळात कोव्नोच्या घेट्टोतून वाचलेले. चिथावणी रोखण्याच्या आणि मदत पोहोचवण्याच्या आदेशांच्या बाजूने त्यांनीही मत दिलं. ते दोन आदेश १६ विरुद्ध १ ने झाले, बाकीचे १५ विरुद्ध २ ने. सगळ्याच आदेशांच्या विरोधात गेल्या त्या एकट्या युगांडाच्या जुलिया सेबुटिंडे. 'इस्रायलने नेमलेल्या न्यायाधीशांनीही मदत रोखू नका म्हणून मत दिलं' हे एक वाक्य मी ऑफिसात परिच्छेदासकट मांडलं असतं, तर ते पाच ग्रुपवरच्या माझ्या आरोळीपेक्षा जास्त ऐकलं गेलं असतं.

त्या काळात आणखी एक मेसेज फिरला: 'हेगमध्ये भारताने इस्रायलविरुद्ध मत दिलं.' हेही चूक. खंडपीठावर न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, भारतीय आहेत, पण तिथे ते भारत सरकारचे प्रतिनिधी नसतात. सेबुटिंडेंच्या मतानंतर युगांडाच्या राजदूतांना जाहीरपणे सांगावं लागलं होतं की ही आमच्या देशाची भूमिका नाही. भंडारींनी बहुमताच्या बाजूने मत दिलं आणि आपलं वेगळं निवेदन जोडलं. त्यात त्यांनी सर्व बाजूंनी लढाई ताबडतोब थांबवावी आणि ओलिसांना विनाअट सोडावं असं म्हटलंय. ते निवेदन लहान आहे. जरूर वाचा. एका भारतीय न्यायाधीशाने लिहिलेलं आहे, आणि मला भेटलेल्या शंभरातल्या एकानेही ते वाचलेलं नव्हतं. मी धरून.

हे झालं मजकुराबद्दल. आता चर्चेबद्दल.

यूट्यूबवर, वाहिन्यांवर, पॉडकास्टमध्ये चार तज्ज्ञ बसतात. एक म्हणतो, न्यायालयाचा आदेश बंधनकारक आहे. दुसरा म्हणतो, त्या आदेशाला काही अर्थ नाही. आपण ठरवतो की दुसरा आपला शत्रू. पण दोघंही खरं बोलत असतात. पहिला बहुधा कायद्याचा माणूस असतो. अंतरिम आदेश बंधनकारक असतात हे याच न्यायालयाने २००१ मध्ये ला ग्रँड खटल्यात स्पष्ट केलंय, तिथे अमेरिका प्रतिवादी होती. दुसरा बहुधा निवृत्त राजदूत किंवा लष्करी अधिकारी असतो. त्याला ठाऊक असतं की या न्यायालयाकडे ना पोलीस आहेत, ना बेलिफ. एखादा देश ऐकत नसेल तर प्रकरण सुरक्षा परिषदेकडे जातं आणि तिथे पाच देशांकडे नकाराधिकार आहे. पहिला सांगतो की हुकूम आहे, दुसरा सांगतो की अंमलबजावणी नाही. दोघांचे प्रश्नच वेगळे. म्हणून चर्चा ऐकताना मी आता वहीत आधी लिहितो, हा माणूस कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय? तो कुठल्या पदावरून निवृत्त झाला, कुठल्या देशात राजदूत होता, आज कोणाकडून मानधन घेतो, हेही जमेल तसं बघतो. निवृत्त राजदूतांचं मला एक आवडतं: ते फार क्वचित आवाज चढवतात. आणि एक आवडत नाही: 'राष्ट्रहित' हा शब्द ते असा वापरतात, जणू त्यापुढे प्रश्न विचारायचाच नाही.

गोंधळ आणखी एका ठिकाणी होतो. हेगमध्ये दोन न्यायालयं आहेत आणि आपण दोघांना एकच समजतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयात देश विरुद्ध देश खटला चालतो. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय वेगळं, तिथे व्यक्तींवर खटले चालतात. २१ नोव्हेंबर २०२४ ला नेतान्याहू आणि गॅलंट यांच्या नावे, आणि हमासच्या मोहम्मद देईफच्या नावेही, अटकेची वॉरंट निघाली ती या दुसऱ्या न्यायालयातून. नेतान्याहूंवर आरोप युद्धगुन्ह्यांचे आणि मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे होते, उपासमारीचा युद्धात हत्यार म्हणून वापर हा त्यातला एक. नरसंहाराचा आरोप त्या वॉरंटमध्ये नाही. भारत या फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. तिसरी गोष्ट, १९ जुलै २०२४ चं सल्लागार मत: पॅलेस्टिनी प्रदेशातलं इस्रायलचं अस्तित्व बेकायदेशीर आहे, ११ विरुद्ध ४. ते पहिल्या न्यायालयाचं, पण खटल्यातलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२२ मध्ये, म्हणजे हे युद्ध सुरू व्हायच्या आधी, विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. स्टे, वॉरंट आणि सल्ला या तिन्हींची सरमिसळ करून आपण एक मेसेज बनवतो, आणि मग समोरच्याला आपलं काहीही खोडून काढायला दोन मिनिटं पुरतात.

जाता जाता स्वल्पविरामाची गोष्ट सांगतो, इंजिनिअर लोकांना आवडेल. २४ मे २०२४ ला न्यायालयाने रफाहबद्दल नवा आदेश दिला, १३ विरुद्ध २. त्यातलं वाक्य असं आहे की लष्करी कारवाई थांबवा, आणि इतरही कुठली कृती, जिच्यामुळे पॅलेस्टिनींच्या जगण्यावर विनाशाची परिस्थिती लादली जाईल. आता हे 'जिच्यामुळे' फक्त 'इतर कृती'ला लागू की 'लष्करी कारवाई'लाही? पहिला अर्थ घेतला तर कारवाई सरसकट थांबवायची. दुसरा घेतला तर फक्त तसा परिणाम करणारी कारवाई थांबवायची. न्यायाधीशांनीच आपापल्या निवेदनांत वेगवेगळे अर्थ लावले. कोडमध्ये कंस विसरला तर कंपायलर निदान ओरडतो तरी. इथे एका वाक्याचे दोन अर्थ राहिले आणि मधल्या काळात रफाहमधली माणसं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तंबू उचलून चालू लागली.

आता आपल्या देशाकडे येऊ, कारण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला आपण मत देत नाही. आपलं सरकार दिल्लीत आहे.

आपल्यात दोन वाक्यं चालतात. मोठी माणसं म्हणतात, 'भारत नेहमीच पॅलेस्टाईनच्या बाजूने राहिला आहे.' तरुण म्हणतात, 'भारताने पॅलेस्टाईनला सोडलं.' दोन्ही वाक्यं आळशी आहेत. १९४७ मध्ये आमसभेत फाळणीच्या योजनेविरुद्ध भारताने मत दिलं हे खरं. १९५० मध्ये इस्रायलला मान्यता दिली हेही खरं. १९७४ मध्ये पीएलओला मान्यता, १९८८ मध्ये पॅलेस्टाईन राष्ट्राला मान्यता, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. तज्ज्ञांच्या चर्चेत 'डी-हायफनेशन' हा शब्द येतो तो इथे. अर्थ साधा आहे: इस्रायल आणि पॅलेस्टाईन यांच्यामधली जोडरेघ पुसायची, दोघांशी स्वतंत्र व्यवहार करायचा. म्हणून २०१७ मध्ये पंतप्रधान इस्रायलला गेले तेव्हा रामल्लाला गेले नाहीत, आणि २०१८ मध्ये रामल्लाला स्वतंत्रपणे गेले.

मतदानाची नोंद तर अधिकच गुंतागुंतीची आहे. २७ ऑक्टोबर २०२३ ला युद्धविरामाच्या दिशेने जाणारा ठराव १२१ विरुद्ध १४ ने मंजूर झाला, भारत तटस्थ. कारण काय दिलं? ठरावात ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याचा निषेध नव्हता, आणि तो घालणारी कॅनडाची दुरुस्ती, जिला भारताने पाठिंबा दिला होता, दोन तृतीयांश मतं न मिळाल्याने पडली. १२ डिसेंबर २०२३ ला तात्काळ युद्धविरामाच्या ठरावाला भारताने बाजूने मत दिलं. १८ सप्टेंबर २०२४ ला, सल्लागार मताच्या आधारे बारा महिन्यांत ताबा संपवा असं सांगणाऱ्या ठरावावर पुन्हा तटस्थ. १२ जून २०२५ ला युद्धविरामाच्या ठरावावर १४९ देश बाजूने, भारत तटस्थ. आणि १२ सप्टेंबर २०२५ ला द्विराष्ट्र तोडग्याच्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याला भारताचं मत बाजूने.

डिसेंबर २०२३ मध्ये जो युद्धविराम मान्य होता, तो जून २०२५ मध्ये, इतकी माणसं मेल्यानंतर, मान्य का नव्हता? माझ्या मते याचं समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही, आणि मी ते एक नागरिक म्हणून मागतो. पण बघा, हा प्रश्न मला तारखा ठाऊक आहेत म्हणून विचारता आला. 'सोडलं, विकलं' असं ओरडून तो विचारता येत नाही. संयुक्त राष्ट्रांत मत दिल्यावर आपले अधिकारी दोन-तीन मिनिटांचं स्पष्टीकरण वाचतात, ते प्रसिद्ध होतं. संसदेत खासदार प्रश्न विचारतात, परराष्ट्र मंत्रालय लेखी उत्तर देतं, तेही संकेतस्थळावर असतं. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेला भारत वर्षाला ५० लाख डॉलर देतो, ही माहिती तिथेच मिळते. तुमच्या जिल्ह्याच्या खासदाराला पत्र लिहिताना ही उत्तरं जोडा, मग बघा तो कसा वाचतो.

'राष्ट्रहित' या शब्दाबद्दलही बोलतो. त्याला घाबरू नका आणि त्याची थट्टाही करू नका. आखाती देशांत नव्वद लाखांच्या आसपास भारतीय राहतात. खेड, महाड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांचा चहा-साखरेचा खर्च तिथून येतो. पश्चिम आशिया पेटला की त्या घरात आधी धूर येतो. म्हणजे युद्ध थांबणं हेच राष्ट्रहित आहे, असाही युक्तिवाद होऊ शकतो, आणि तो आपल्याकडून व्हायला हवा. आपण फक्त 'उम्मतचं दुःख' म्हणतो आणि राष्ट्रहित हा शब्द दुसऱ्यांना देऊन टाकतो. दुःख आहेच. पण चर्चेत बसायचं तर दोन्ही भाषा यायला हव्यात.

आता शेवटची एक गोष्ट, कारण ती मला फार महत्त्वाची वाटते आणि चर्चांमध्ये तिच्यावर दोन मिनिटंही कुणी देत नाही. दक्षिण आफ्रिकेला हा दावा करता आला कसा? ती ना गाझाची शेजारी, ना युद्धातला पक्ष. त्याचा रस्ता आधी एका चिमुकल्या देशाने मळवला होता. गांबिया. पश्चिम आफ्रिकेत, समुद्राची बाजू सोडली तर सेनेगलने वेढलेली जमिनीची एक पट्टी. तिथले न्यायमंत्री अबुबकर तांबादू २०१८ मध्ये बांगलादेशात कॉक्स बझारच्या छावण्यांत गेले. ऑगस्ट २०१७ पासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून पळून तिथे आले होते. तांबादू यांनी त्याआधी रवांडाच्या नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात काम केलं होतं. छावणीत लोक जे सांगत होते ते त्यांना ओळखीचं वाटलं. ११ नोव्हेंबर २०१९ ला गांबियाने म्यानमारविरुद्ध दावा दाखल केला, इस्लामी सहकार्य संघटनेच्या पाठिंब्याने. म्यानमारच्या वतीने आँग सान सू ची स्वतः उभ्या राहिल्या, नोबेल शांतता पुरस्कार मिळालेल्या. २३ जानेवारी २०२० ला न्यायालयाने एकमताने अंतरिम आदेश दिले. म्यानमारने हरकत घेतली की गांबियाचा याच्याशी संबंध काय? २२ जुलै २०२२ ला १५ विरुद्ध १ ने ती फेटाळली गेली. न्यायालय म्हणालं, नरसंहार रोखण्याचं कर्तव्य करारावर सही करणाऱ्या प्रत्येक देशाचं दुसऱ्या प्रत्येकाप्रती आहे, म्हणून कुणीही दार ठोठावू शकतो. दीड वर्षाने दक्षिण आफ्रिका त्याच दारातून आत गेली.

एका माणसाने छावणीत बसून ऐकून घेतलं आणि मग कागद केले. तांबादू यांची जोरदार भाषणं मला यूट्यूबवर फार सापडली नाहीत. त्यांचा अर्ज सापडला.

यातला आपल्याशी थेट संबंध असलेला एक तपशील: भारताने हा करार १९५९ मध्ये मंजूर केला, पण नवव्या कलमावर राखीव अट ठेवून. भारताविरुद्ध या करारावरून खटला चालवायचा तर भारताची संमती लागेल. अमेरिकेनेही तशी अट ठेवली आहे. इस्रायलने ठेवली नव्हती, म्यानमारनेही त्या कलमावर ठेवली नव्हती. खटला उभा राहिला तो त्यामुळे.

आणि वेळ लागतो. बोस्नियाने सर्बियाविरुद्ध १९९३ मध्ये दावा केला, निकाल आला २६ फेब्रुवारी २००७ ला. चौदा वर्षं. स्रेब्रेनिकात झाला तो नरसंहारच, असं न्यायालय म्हणालं. सर्बियाने तो रोखला नाही असंही म्हणालं. पण तो सर्बियाने केला, असं नाही म्हणालं. पुराव्याची पट्टी इतकी उंच आहे. गाझाच्या खटल्यात शेवटी काय ठरेल हे मी सांगू शकत नाही, आणि जो तज्ज्ञ आज छातीठोक सांगतो त्याचं पुढचं वाक्य मी जरा सावधपणे ऐकतो.

अब्बांना मी त्या आठवड्यातच फोन करून सांगितलं की मी चुकीचं सांगितलं होतं, दोषी ठरवलेलं नाही, फक्त स्टे मिळालाय. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "स्टे मिळाला तरी थांबले का?" मी म्हणालो, नाही. "मग लिहून ठेव," म्हणाले, "निकालाच्या दिवशी लागेल."

त्या टेबलावर आदेशाच्या प्रती ठेवल्या आहेत. दोघांत एक पुरेल अशा छापल्यात. चहा येतोय, तोवर प्रती वाटून घ्या. आणि ज्यांचं इंग्रजी बरं आहे त्यांनी एकत्र बसू नका, एकेकाच्या शेजारी जाऊन बसा. आपण सेहेचाळिसाव्या परिच्छेदापासून सुरू करू.